कमरेचा धक्का

बसा. पाय लांब सोडून बसा. घाई असेल तर आत्ताच उठा, कारण ही गोष्ट मी मधे तोडत नाही आणि मधे कुणाला उठू देत नाही. एका बाईच्या हाताची गोष्ट आहे. सुरुवातीला हसू येईल, तेव्हाच हसून घ्या. पुढं सवड मिळायची नाही.

कपडे धुवायचा एक कारखाना होता. घरचे कपडे नव्हेत, दवाखान्यांचे. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले, गाड्या भरभरून यायचे. आत दोन बाजू. एक ओली, एक कोरडी. ओल्या बाजूला धुलाईची मशीनं, दिवसभर पाय पाण्यात, आणि सोड्यानं बोटांची सालं निघायची. कोरड्या बाजूला इस्त्री आणि घड्या. ओल्या बाजूच्या बायका कोरडीला माहेर म्हणायच्या. का, तर तिथं निदान पाय तरी सुके राहतात.

तर ओल्या बाजूला चौदा वर्षं काढलेली एक बाई एके दिवशी कोरड्या बाजूची सुपरवायझर झाली. गळ्यात शिट्टी आली आणि त्याच दिवशी नाव पडलं, शिट्टीबाई. कोरड्या बाजूच्या जुन्या बायकांनी नाकं मुरडली, "कानामागून आली आणि तिखट झाली."

तिखट होतीच. पहिल्या दिवशी सोळाजणींना रांगेत उभं करून म्हणाली, "माझ्यापुढं गाऱ्हाणी आणायची नाहीत. मी चौदा वर्षं पाण्यात उभी राहिले, कुणाजवळ रडले नाही. जिच्या तोंडाला खाज सुटेल तिला पलीकडं धाडीन. तिथं खाज धुऊन निघते."

आता तुम्ही म्हणाल, वाईट बाई. नव्हती हो. घाबरलेली बाई होती. घरी नवरा होता, तो आधी गाड्यांवर माल चढवायचा. एकदा फळी घसरली, पाठीवर पोती आली, आणि त्याच्या मुकादमानं कागदावर लिहिलं, 'कामगाराची चूक'. तेवढ्या दोन शब्दांवर माणूस घरी बसला. तेव्हापासून तो दोन उशांना टेकून भाजी निवडायचा, आणि घर हिच्या पगारावर चालायचं. परत ओल्या बाजूला जायचं नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. ज्याला बुडायची भीती असते तो शेजारच्याच्या डोक्यावर पाय देतो. मुद्दाम नाही देत, पण देतो.

आता इस्त्रीचं मशीन समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. खाटेपेक्षा लांब, वाफेनं तापलेले मोठाले रोलर. दोघी बायका ओलसर चादर दोन टोकांनी धरून रोलरच्या तोंडाशी लावतात, रोलर ती ओढून घेतो आणि पलीकडून कडक चादर निघते. कधी चादर गोळा होऊन अडकते. मग मशीन बंद करायचं, दोघींनी हात घालून चादर सोडवायची. सुटली की सुपरवायझर शिट्टी मारणार, शिट्टी झाली की दोघींचे हात वर, आणि मग हिरवं बटण. रोलरच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टीही होती, हात लागला की मशीन आपोआप थांबवणारी. पण ती उठसूट लागायची, काम थांबायचं, म्हणून दोन वर्षांमागं कारखान्याच्या साहेबानंच ती तारेनं आवळून टाकायला लावली होती.

त्या मशीनवर एक नणंद-भावजयीची जोडी होती. भावजयीला सगळा कारखाना वहिनीच म्हणायचा. नणंदेचं नाव पाडलं होतं मैना. का, तर ती काम करताना गुणगुणायची. गाणं असं नव्हतंच ते, चुलीवर भांडं खदखदावं तसं हूं हूं हूं चालायचं. मैना बोलायची नाही. हाक मारली तरी वळायची नाही. पण शिट्टी झाली रे झाली की हिचे हात सगळ्यांच्या आधी वर!

शिट्टीबाईनं आठ महिने हे बघितलं आणि मनाशी निकाल लावून टाकला. ढोंगी आहे. "कामाचं सांगितलं की बहिरी," घरी नवऱ्याला सांगायची, "आणि शिट्टी बरी ऐकू येते! सोयीचे कान आहेत बाईचे."

"असे कान मिळत असतील तर मलाही आण एक जोडी," नवरा म्हणायचा. "तू सुरू झालीस की लावीन."

शिवाय त्या दोघी सारख्या एकमेकींना चिकटून. हातवारे करायच्या, मधेच एकीला हसू फुटायचं. आपल्या हाताखालची माणसं आपल्याला न कळणारं काही बोलून हसली, तर ती आपल्यालाच हसली, असं प्रत्येक मुकादमाला वाटतं.

अशातच साहेबानं सगळ्या सुपरवायझरांना दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. विषय काय, तर माणसं मायेनं कशी सांभाळावीत. गार खोली, मऊ खुर्च्या, दर दोन तासांनी चहा. शिकवणारा पोरगा गोड होता, आयुष्यात त्यानं ओली चादर पिळली नसावी, पण बोलायचा छान. म्हणाला, कुणाला एकटं पाडू नका. कामगारांचे कंपू होऊ देऊ नका, त्यांच्या जागा अदलूनबदलून लावा, म्हणजे सगळे सगळ्यांचे होतील. आणि हुकूम सोडत बसू नका, त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहा.

शिट्टीबाईला ते पटलं. खरंच पटलं, बरं का, वहीत लिहून घेतलं तिनं. ऐकून घ्या असंही तो पोरगा म्हणाला होता, पण ते नेमकं जेवणाआधी म्हणाला, तेव्हा सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडं होतं.

सोमवारी तिनं नव्या जागांची यादी लावली. वहिनी रोलरपलीकडच्या घड्यांच्या टेबलावर. मैना रोलरलाच, पण तिच्या जोडीला तीन आठवड्यांपूर्वी लागलेली एक बाई, तिला सगळ्या नवी म्हणायच्या.

यादी वाचली आणि वहिनी पदर खोचत समोर आली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. "मॅडम, एक सांगायचं होतं. मैनाला माझ्याजवळच राहू द्या."

"का? लग्न लागलंय का तुमचं?"

सगळ्या हसल्या. साहेबाच्या विनोदाला हसतात ना, तशा. वहिनीही हसली, मान खाली घातली आणि गेली टेबलाकडं. सांगायचं राहिलं. शिट्टीबाईला त्या दिवशी आपण फार खेळीमेळीनं वागलो असं वाटलं.

चार दिवस बरे गेले. कामही जरा जास्तच झालं. पाचव्या दिवशी दुपारी नवी पोट धरून आली, "मॅडम, जाऊन येऊ?" शिट्टीबाई म्हणाली जा. जागा रिकामी. आधीची शिट्टीबाई असती तर मशीन थांबवून ओरडत बसली असती. पण आता शिबिर झालं होतं. तिनं बाह्या सारल्या आणि नवीच्या जागी उभी राहिली. मैनाच्या खांद्याला खांदा लावून.

मैनानं तिच्याकडं बघितलं आणि हसली. हे लक्षात ठेवा. ती हसली होती.

दहा-बारा चादरी झकास गेल्या. शेजारी ते हूं हूं हूं चालू. मग एक चादर अडकली. शिट्टीबाईनं मशीन बंद केलं, दोघींनी हात घातले. शिट्टीबाईची बाजू आधी सुटली, मग मधला गोळाही सुटला. तिनं हात काढले, शिट्टी तोंडात धरली, वाजवली. स्वतःचे दोन्ही हात वर केले, नियमाप्रमाणं. मग बटण डावीकडं होतं म्हणून डावीकडं बघितलं आणि दाबलं.

मैनाचा उजवा हात आतच होता. ती कोपऱ्यातली सुरकुती काढत होती आणि वाट बघत होती. कशाची, ते पुढं सांगतो.

पलीकडून वहिनीनं नवीची जागा बघितली होती, तिथं कोण उभं आहे ते बघितलं होतं, आणि हातातली घडी टाकून ती निघालीही होती. चार पावलं कमी पडली. ती ओरडली, पण ओरडण्याचा काय उपयोग! रोलरनं चादर ओढली तसा हात ओढला. तारेनं आवळलेली पट्टी जागची हलली नाही. लाल बटण दाबेपर्यंत जेवढं व्हायचं तेवढं झालं. आणि सगळा वेळ शिट्टी वाजत होती, कारण शिट्टीबाई किंचाळत होती आणि शिट्टी तिच्या तोंडातच होती.

जास्त सांगत नाही. मनगटाच्या खाली काही ठेवता आलं नाही डॉक्टरांना.

दुसऱ्या दिवशी साहेबानं तिला आत बोलावलं. समोर खुर्ची दिली, पाणी दिलं. आठ महिन्यांत कधी दिलं नव्हतं.

"बाई, काळजी करू नका. तुम्ही शिट्टी वाजवली?"

"वाजवली."

"पंधराजणींनी ऐकली. बस. आणि डॉक्टर काय म्हणाले माहितीये? ती साफ बहिरी आहे. लहानपणी ताप आला तेव्हापासून. एक अक्षर ऐकू येत नाही. म्हणजे अकरा वर्षं तिनं लपवलं. वहिनीनंही लपवलं. दोघींना काढता येईल, दवाखान्याचा खर्चही आपल्यावर येत नाही. झालं ना सोपं?" त्यानं कागद पुढं सरकवला. "शेवटच्या ओळीत कारण लिहा आणि सही करा."

"काय कारण लिहू?"

"कामगाराची चूक. अजून काय?"

तिनं पेन उचललं आणि खाली ठेवलं. "उद्या देते साहेब."

"उद्या सकाळी दहापर्यंत. नाहीतर बटण कुणी दाबलं ते मला लिहावं लागेल. ओल्या बाजूला माणसं कमीच आहेत सध्या."

घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली. नवरा उशांना टेकून शेंगा सोलत होता. त्याला सगळं सांगितलं, कागदावरच्या त्या दोन शब्दांसकट.

"ती साफ बहिरी," तो म्हणाला, "मग शिट्टीला हात कशी उचलायची?"

"तेच कळत नाही मला."

"मग विचार की."

"कुणाला विचारू? माझ्याशी कुणी बोलत नाही."

"अगं, बोलणाऱ्याला पाण्यात बुडवीन म्हणून तूच सांगितलंस ना? आता आपणहून कोण येईल बुडायला?" त्यानं सालं गोळा केली. "माझ्या वेळी मुकादम मला विचारायला आला नाही. फळी ओली होती, एवढंच सांगायचं होतं मला. अजून कुणी विचारलं नाही."

सकाळी शिट्टीबाईनं सगळी मशीनं बंद ठेवली. इतकी शांतता त्या खोलीनं कधी ऐकली नव्हती, गरम लोखंड गार होतानाचा टकटक आवाजसुद्धा येत होता. तिनं गळ्यातली शिट्टी काढून घड्यांच्या टेबलावर ठेवली.

"मैनाला ऐकू येत नव्हतं, हे मला काल कळलं. तुम्हाला माहीत होतं?"

एक छताकडं बघतेय, एक नखं बघतेय. कोण बोलणार? बोललं तर लपवल्याचा गुन्हा, नोकरी जाणार.

"मी कुणाचं नाव लिहिणार नाही. मला एवढंच सांगा, ती शिट्टीला हात कशी उचलायची?"

भिंतीवरचा काटा साडेनवाला टेकला. शिट्टीबाई वळायला लागली, तेव्हा मागून वहिनीचा आवाज आला. रात्रभर दवाखान्याच्या बाकावर बसून घोगरा झालेला.

"लग्न लागलंय आमचं, मॅडम."

ह्या वेळी कुणी हसलं नाही.

वहिनी रोलरजवळ गेली. आपल्या जुन्या जागी उभी राहिली आणि शेजारच्या रिकाम्या जागेला कमरेनं एक धक्का दिला. हलकासा, गर्दीत लागतो तसा. "असा. शिट्टी झाली की मी धक्का द्यायचे, ती हात उचलायची. अकरा वर्षं. मी नसले तर दुसरी कुणी द्यायची, सगळ्यांना ठाऊक होतं. नवीलाही मी सोमवारीच शिकवून ठेवलं होतं." तिनं श्वास घेतला. "तुम्ही तिच्याजवळ उभ्या राहिलात, तेव्हा तिला वाटलं तुम्हालाही कुणीतरी सांगितलं असणार. एवढ्या जवळ येऊन उभ्या राहिलात म्हणजे कळलं असणार. म्हणून ती हसली. धक्क्याची वाट बघत होती ती."

शिट्टीबाई चादरींच्या गाठोड्यावर बसली.

"मला का नाही सांगितलंत?" असं विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर आठवलं. पदर खोचून आलेली वहिनी आठवली, स्वतःचा तो विनोद आठवला, आणि सगळ्यांचं ते हसणं.

"आले होते की," वहिनी म्हणाली.

दहाला पाच कमी असताना शिट्टीबाई साहेबासमोर गेली. उभ्या उभ्याच लिहिलं. अक्षर वाकडं, शुद्धलेखनाच्या नावानं बोंब, पण साहेबाला वाचता आलं. 'कामगाराला ऐकू येत नाही हे तिच्या वहिनीनं मला सोमवारी सांगितलं होतं. मी जागा बदलली. बटण मी दाबलं. हात आत आहे का ते बघितलं नाही. पट्टी तारेनं बांधलेली होती, दोन वर्षांपासून, साहेबांना माहीत आहे.' खाली सही.

आता पहिली ओळ खरी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. वहिनी सांगायला आली होती, सांगू दिलं गेलं नव्हतं. पण सांगितलं म्हटल्यावर लपवलं कुणी म्हणणार? सोळाजणींच्या मानेवरची सुरी त्या एका ओळीनं काढली. आणि ठेवली स्वतःच्या मानेवर.

साहेबाचा चेहरा पट्टीच्या ओळीवर आला तेव्हा बदलला. "बाई, वेड लागलंय का? हा कागद मी फाडला तर?"

"तर दुसरा लिहीन. आता पाठ झालाय."

कागद वरपर्यंत गेला. तो कसा गेला, कोण कुणावर ओरडलं, ते आपल्याला काय करायचंय. दवाखान्याचा खर्च कारखान्यानं उचलला. तार निघाली. मशीनवर दिवा बसला, मशीन चालू व्हायच्या आधी लाल पेटणारा, हाताच्या मुठीएवढा. बसवायला माणसाला अर्धा तास लागला. अर्धा तास! अकरा वर्षांत कुणाला सवड झाली नव्हती. शिट्टीबाईला ओल्या बाजूला धाडलं. आठ महिने परत पाण्यात, परत सोडा, परत सालं. मग कोरड्या बाजूचे दोन सुपरवायझर पळून गेले आणि साहेबानं नाक मुठीत धरून तिलाच परत आणलं.

शिट्टी तिनं घेतली नाही. मशीन सुरू करायच्या आधी ती रांगेतून चालत जाते, एकेकीच्या तोंडासमोर थांबते आणि आपले हात वर करते. समोरची वर करते. सगळे हात दिसले की मग बटण. वेळ जातो. साहेब कुरकुरतो, रोज अमुक चादरी कमी निघतात म्हणतो. ती म्हणते, "हो, कमी निघतात." नव्या बाईला पहिल्याच दिवशी विचारते, "तुला काय जमत नाही? ते आधी सांग, जमतं ते मला दिसेलच." कुणी काही सांगायला आलं की हातातलं खाली ठेवते. सांगून होईपर्यंत उचलत नाही.

मैनाही परत आली. टॉवेल निवडायच्या टेबलावर बसते, डाव्या हातानं फाटके वेगळे करते. शिट्टीबाई रोज तिच्यासमोरही थांबते आणि दोन्ही हात वर करते. मैना डावा हात वर करते. भिंतीकडं बघून. एकदाही तिनं शिट्टीबाईकडं बघितलेलं नाही.

आणि ते हूं हूं हूं बंद झालंय. तिला स्वतःला ते कधी ऐकू आलं नव्हतं, त्यामुळं गेलेलंही तिला ठाऊक नसेल. पण बाकीच्यांना ठाऊक आहे. मशीनं थांबतात तेव्हा सगळ्यांच्या कानाला ते जाणवतं, आणि सगळ्यात जास्त कुणाला, ते मी सांगायला नको.

तेव्हा एक मागणं आहे तुमच्यापाशी. कधी त्या कारखान्यात जाणं झालं, माल पोचवायला किंवा कशालाही, तर शिट्टीबाईला शाबासकी देऊ नका, तिला ती सोसत नाही. आणि टॉवेलच्या टेबलाकडं जायचं असेल तर मागून जाऊ नका. मैना दचकते. लांबून वळसा पडला तरी पडू द्या, पण समोरून जा, तिला दिसाल असे.